टेलरमास्तरांचा खाकी कागद

हौसाकाकी सकाळपासून घुश्शात होती. आणि का नसावी? नवऱ्याचे कागद रत्नागिरीच्या वाचनालयात जायचे होते, आणि पोटच्या पोराने त्यातला अर्धा नवरा भंगाराच्या पोत्यात कोंबला होता!

नवरा म्हणजे काशीराम टेलर. मिरजोळ्याच्या नाक्यावर एका मशीनवर दुकान चालवणारा हा माणूस आधी ग्रामपंचायतीत निवडून आला, मग पंचायत समितीत, आणि एकदा तर थेट आमदार होऊन मुंबईला गेला. पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत टेलरमास्तरच. अधिवेशन संपवून एसटीतून उतरले की घराच्या आधी दुकान उघडायचे. कुणी म्हणालं, "मास्तर, आता तरी कात्री ठेवा," तर हसून पुढच्याचं माप घ्यायला लागायचे. गेल्या वर्षी गेले, तेव्हाही मशीनवर कुणाचा तरी अर्धा लेंगा होता. असा माणूस पुन्हा होणे नाही, असं काकी गावभर सांगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मुलगा विनोद जयगडच्या बंदरात ठेकेदार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात अंगठी.

"आये, त्यांना आमदारांचे कागद हवेत. निवेदनं, पत्रं, फोटो. कपडे बेतायचे हे खाकी कागद कोण बघणार? बाह्या नि कॉलरी! लोक हसतील."

"हसू देत! हसणाऱ्यांचे सदरे पण ह्यांनीच शिवलेत, मेल्या!"

पण पोतं अंगणात गेलंच. काकीला भीती एकाच गोष्टीची होती. आमदार वाचनालयात जाईल आणि टेलर भंगारात. मग मागे उरेल तो माणूस तिच्या ओळखीचाच नसेल.

दुपारी वाचनालयाची योगिनी आली. फायली बघता बघता तळातून तिने एक घडी काढली, उलगडली. चांगला टेबलाएवढा खाकी कागद, त्यावर निळ्या पेन्सिलीची ठसठशीत अक्षरं, आणि मधोमध हे एवढं मोठं भोक.

"अरेरे, वाळवी लागली वाटतं," योगिनी म्हणाली.

विनोद ओशाळला. "टाकून द्या तो."

"वाळवी? माझ्या घरात?" काकी ताडकन उठली. "कात्री लागलीय ती!"

मग तिने सांगितलं. मास्तरांना बसून लिहिता यायचं नाही. कापड बेतायच्या टेबलाशी उभं राहून, त्याच खाकी कागदावर ते भाषण लिहायचे आणि काम झालं की त्याच कागदातून बाह्या, कॉलरी कापायचे. चांगला कागद फुकट घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. त्या वर्षी पावसात तुडुंब वाहणाऱ्या पऱ्ह्यावर, गावच्या ओढ्यावर, साकव, म्हणजे छोटा पूल, मागायचा होता. विनोद तेव्हा नुकता पहिलीत. मुंबईची गाडी पकडायच्या आधी पोराचा सदरा बेतून ठेवू, म्हणून मास्तरांनी घाईघाईत कागद ओढला आणि बाही कापली. लिखाण खालच्या अंगाला, ते दिसलं कुठे? मग भाषण शोधताना कडेची निळी अक्षरं दिसली, तशी भोक न बघताच घडी केली, पिशवीत घातली, गेले.

"विधानसभेत उभे राहिले, कागद उघडला, आणि भोकातून समोरचे मंत्री दिसले! हसून हसून सगळ्यांची पुरेवाट."

"अगो बाई! मग?" योगिनी म्हणाली.

"मग काय! हे म्हणाले, अध्यक्ष महाराज, माझं भाषण माझ्या पोराच्या सदऱ्यात गेलं. तो सदरा घालून पोर कोरडं शाळेत जाईल. आमच्या पऱ्ह्यापलीकडची पोरं मात्र सदरा डोक्यावर बांधून पाण्यातनं शाळेत येतात." काकीने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कोणी हसलं नाही मग. पुढच्या पावसाच्या आत साकव झाला. मला तेवढं सांगितलं ह्यांनी, बाकी कुणाला सांगायची लाज."

विनोद एकदम उठून बाहेर गेला. भंगारवाल्या बाबूने पोतं टेम्पोत टाकलं होतं आणि टेम्पो वळणाशी पोचला होता.

"ए बाबू! थांब रे! थांब!"

कडक इस्त्रीचा ठेकेदार अनवाणी धावत सुटला. पोतं खांद्यावर मारून परत आला आणि पडवीतच ओतलं. गुडघे टेकून एकेक कागद उलटायला लागला. प्रत्येकावर मास्तरांचं अक्षर. 'भागोजी, डावा खांदा उतरता.' 'निलेश, लग्नाचा कोट.' अर्धं गाव त्या पोत्यात होतं. शेवटी एक इवलीशी बाही सापडली. एका अंगाला साकवाच्या ओळी, दुसऱ्या अंगाला लिहिलेलं, 'विनोद, पहिली. वाढत्या अंगाचा.'

त्याने ती भोकात ठेवली. बरोब्बर बसली.

मग पुन्हा उचलली आणि आपल्या हातावर लावून पाहिली. कोपरापर्यंतसुद्धा पोचेना. एवढा मोठा बाप्या, पण डोळे घळाघळा वाहायला लागले.

योगिनीने हळूच वही उघडली. "नोंद कशी करू? माजी आमदार काशीराम..."

"थांबा," विनोद नाक ओढत म्हणाला. "आधी टेलर लिहा. आणि हे पोतं पण न्या."

काकीने पदर तोंडाला लावला. मास्तर गेल्यापासून लोकांपुढे कोरडी राहिलेली ती बाई तिथेच, पडवीतल्या त्या कागदांत बसून पोटभर रडली.