बागेतली माझी बादशाही

कॅनडात मार्कहॅमला आमच्या कॉन्डोमागे रहिवाशांची सामायिक भाजीची बाग आहे. ज्याचा वाफा त्याचं राज्य, आणि पाण्याच्या नळीवरून रोज लढाया. शेवटी सगळ्यांनी मला बागेचा प्रमुख केलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, हे मी घरी सांगितलं नाही.

शेजारचे चिनी आजोबा निवृत्त इतिहासशिक्षक. त्यांनी मला बाकावर बसून एकदा समजावलं, की फार पूर्वी चीनचा राजा भाऊबंदांना मुलूख वाटून द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या तो त्यांचाच. पुढे ते आपापसातच लढायला लागले. मग पहिल्या सम्राटाने सरदारक्या मोडल्या, जिल्हे पाडले आणि राजधानीतून अधिकारी नेमले. नंतरच्या राजवटींत तर अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमायचंच नाही, शिवाय काही वर्षांनी बदली, असा नियम झाला.

"अगदी हेच हवंय आपल्याला!" मी उठलोच.

"थांब, अर्धंच झालंय," ते म्हणाले.

एवढा धीर कुणाला? मी ग्रुपवर फर्मान काढलं: स्वतःच्या वाफ्याला कुणी हात लावायचा नाही, दर आठवड्याला बदली.

माझी पहिली नेमणूक आजोबांच्याच वाफ्यावर. कडेला गवत माजलं होतं. म्हटलं, बिचाऱ्यांना वाकवत नसेल. कंबर धरेपर्यंत सगळं उपटून कंपोस्टमध्ये टाकलं आणि ऐटीत फोटो पाठवला.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या हातांना लसणाचा वास कसला?"

ते गवत नव्हतं. लसणाच्या वासाची चिनी पात होती, आजोबांनी कित्येक वर्षं जपलेली. तिकडे माझी कोवळी मेथी एका कॅनेडियन बाईंनी तण समजून तितक्याच निष्ठेने साफ केली होती.

रविवारच्या मीटिंगमध्ये वाफे ज्याचे त्याला परत मिळाले. माझ्याकडे फक्त पाण्याच्या पाळ्या लावायचं काम राहिलं. त्याला मात्र कुणाची हरकत नव्हती.

मी आजोबांची माफी मागितली. ते कंपोस्टमधून मुळं वेचायला लागले. मीही वाकलो. लावता लावता त्यांनी उरलेलं अर्धं सांगितलं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ना तिथली बोली कळायची, ना माणसं. त्याचं सगळं लक्ष वरिष्ठांकडे. म्हणून पुढे काही विद्वान म्हणायला लागले, की जिल्हा त्यालाच द्यावा ज्याला तो आपला वाटतो. वरून नजर तेवढी असावी.

बरीचशी पात नंतर जगली. त्या दिवशी मात्र मी अपराधी चेहऱ्याने जोरजोरात मान डोलावत खड्डे खणत होतो.

"इतकं खोल नको," ते म्हणाले, "पात लावतोय आपण."