बॉयलरशेजारची बरणी

आमच्या कॉलेजात एमएस्सी सुरू व्हावी की नाही, हे विद्यापीठाची समिती ठरवणार होती. नाही झाली तर बीएस्सीनंतर माझं शिक्षण संपलं. मला भिवंडीबाहेर पाठवायला घरचे तयार नव्हते.

समितीला दाखवायला आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांनी प्रयोग निवडला. दुधाचं दही करणारे जिवाणू जेलीच्या मण्यांत कोंडायचे आणि पनीरच्या पाण्यात सोडायचे. पाण्यातली साखर खाऊन ते आम्ल करतात. मणी गाळून घेतले की तेच जिवाणू पुन्हा कामाला जुंपता येतात. सर याला उद्याचं तंत्रज्ञान म्हणत. आजचा इन्क्युबेटर लोडशेडिंगमुळे बंद असे, आणि गारठलेले जिवाणू काहीही करत नसत.

म्हणून एक बरणी मी टेमघरला काकांच्या सायझिंगमध्ये नेली. तिथं लूमवर जाण्याआधी सुताला कांजी लावतात. बॉयलर लाकडावर चालायचा. थर्मामीटर घेऊन फिरले आणि हवी तेवढी ऊब सापडली तिथं बरणी ठेवली.

"साबुदाणा भिजत घातलास का गं?" काकांनी विचारलं.

"जिवाणू आहेत, काका."

"मंग झाकण लाव. आपल्याकडं आधीच मानसं लय हायेत."

समिती यायच्या आदल्या दिवशी सरांना पनीरचं पाणी कळकट वाटू लागलं. कॉलेजात ठेवलेले मणी ज्या काचेच्या नळीत होते, तीत त्यांनी साखर घातलेलं, स्वच्छ फॉस्फेटचं द्रावण भरलं. "आम्लताही स्थिर राहील," ते म्हणाले. आम्लता राहिली. मणी राहिले नाहीत. फॉस्फेटनं जेली घट्ट धरून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतलं आणि सकाळी नळीत पेज होती.

"काकांकडची आण," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नाही.

बरणी मांडीवर घेऊन मी रिक्षानं परतले, तेव्हा शाली-श्रीफळं उरकली होती. मणी टणक होते, पाणी चांगलं आंबट झालं होतं. समितीच्या अध्यक्षांनी बरणीवर बांधलेलं फडकं हुंगलं.

"कांजीचा वास कसा?"

"स्थानिक उद्योगाशी सहकार्य," सर म्हणाले.

अध्यक्षांनी मान डोलावली. जिवाणूंबद्दल कुणी काही विचारलं नाही.

एमएस्सी मंजूर झाली. सोबत एक अट आली: विद्यार्थ्यांना दरवर्षी सदर उद्योग दाखवावा. त्यामुळे पहिल्याच वर्षी आमचा वर्ग वह्या घेऊन काकांच्या बॉयलरसमोर उभा राहिला. सर बोलत होते. काकांनी सगळ्यांना चहा दिला आणि मला बाजूला घेतलं.

"यांना काय दाखवू?"

"बॉयलर दाखवा."

"आन् काय इचारलं तर?"

"कोणी विचारत नाही, काका."