बजावलं होतं, असं मी लिहिलं

दरवर्षी होळीच्या आधी आमच्या घरी पोह्याच्या पापडांचा डबा यायचा. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून, माझ्या जुन्या सोबत्याच्या घरून. त्याची बायको स्वतः लाटायची. घरातले सगळे खायचे, मी खायचो नाही. पित्त होतं म्हणून सांगायचो. पित्ताचा काही संबंध नव्हता.

तो आणि मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत होतो. मी शिफ्ट सुपरवायझर, तो कंत्राटी ऑपरेटर, पर्मनंट व्हायच्या बेतात. शिफ्ट जुळली की पेणहून कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो.

मला इंग्रजी शब्दांचा नाद होता. मिठागरात राबणाऱ्या घरातला मी पहिला बी.एस्सी., आणि इंग्रजीनेच आपल्याला त्या चिखलातून वर काढलं अशी माझी पक्की समजूत. एका वहीत सारख्या अर्थाचे शब्द शेजारी-शेजारी मांडायचो आणि पुढे त्यांच्यातला फरक. लुक म्हणजे नजर टाकणं, वॉच म्हणजे लक्ष ठेवणं, एक्झामिन म्हणजे तपासून घेणं. बसमध्ये त्याला वाचून दाखवायचो.

"बघनं ते बघनं," तो म्हणायचा. "त्याला एवढी नावं कशाला? तुझ्या इंग्रजांना डोले तरी किती व्हते रे?"

मागच्या बाकापर्यंत हसू जायचं. मीही हसायचो, पण मनात म्हणायचो, तुला काय कळणार.

त्या आठवड्यात माझी पहिली शिफ्ट होती, त्याची दुसरी. दुपारी ॲसिडची एक पाइपलाईन चोक झाली. पंप बंद करवला, पण लाईनमधलं ॲसिड काढायचं राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवलं. काढायला अर्धा तास गेला असता आणि सव्वातीनला पेणची बस सुटायची. पुढच्या शिफ्टला जोड उघडून ती लाईन साफ करायची होती. आत ॲसिड आहे हे लॉगबुकात लिहायचं आणि येणाऱ्या माणसाला समोर उभं करून सांगायचं, एवढंच माझं काम. लॉगबुकात मी फक्त लाईन चोक आहे असं लिहिलं. तो जिन्यावर होता, मी खाली. पंपांची घरघर चालू. मी ओरडलो, "लाईन बघून घे रे!"

त्याने हात वर केला. मी बस पकडली.

तासाभरात त्याने जोड उघडला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानेची एक बाजू भाजली. जीव वाचला, पण त्या हाताची बोटं कायमची आखडली. त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नव्हतं. जिना नाही, मी नाही, माझं ओरडणं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "रिपोर्ट तू लिही. तुझं इंग्रजी चांगलं आहे. वरून पुन्हा प्रश्न यायला नकोत, एवढं सांभाळ." बस्स. त्यांनी मला धमकावलं नाही, शब्दही सुचवला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण इतकी वर्षं मनातल्या मनात मी ते त्यांच्यावर ढकलत आलो.

एका वाक्यावर अडलो. ऑपरेटरला लाईनबद्दल... पुढे काय? आधी टोल्ड लिहिलं. मोघम वाटलं, नेमकं काय सांगितलं, असं विचारतील. इन्फॉर्म्ड लिहिलं तर लॉगबुक मागतील. इन्स्ट्रक्टेड म्हटलं की लेखी सूचना दाखवा म्हणतील. कॉशन्ड बरं होतं, पण त्यात 'जरा जपून' एवढंच येतं. मग वॉर्न्ड, बजावलं. ज्याला वॉर्न केलंय त्याला धोका कळलेला असतो, आणि कळूनही जो हात घालतो त्याचं तो निस्तरतो. पुढे कोणी काही विचारायचं कारणच उरत नाही. त्या एका शब्दाने मी दोषातून पूर्ण बाहेर आलो आणि तो पूर्ण आत गेला.

आणखी एक आहे, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो शब्द चपखल बसला तेव्हा मला बरं वाटलं. वहीत एखादा बारीक फरक सापडला की वाटायचं, अगदी तसंच. तो तिकडे दवाखान्यात पडला होता आणि मी इकडे शब्दावर खूश होतो.

वरून प्रश्न आला नाही. चौकशी आटोपली. कामगाराने सूचना धुडकावली असं ठरलं, पर्मनंटचं बारगळलं, कंत्राटही गेलं.

दोनेक महिन्यांनी तो त्या रिपोर्टची नक्कल घेऊन माझ्याकडे आला. हात गळ्यात बांधलेला. बरोबर बायको, तिला सातवा महिना. कागद पुढे करून म्हणाला, "वाच. काय लिवलंय माझ्याबद्दल?"

बजावलं होतं, असं मला म्हणता आलं नाही. म्हणालो, "तुला सांगितलं होतं, असं लिहिलंय." इंग्रजीत सगळ्यात कडक शब्द शोधला होता, मराठीत त्याच्या तोंडावर सगळ्यात मऊ टाकला.

त्याने कागदाची घडी घातली. "सांगितलं असशील," म्हणाला. "मलाच आयकू आलं नसंल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा ठेवायला सांगितला.

तेव्हापासून त्याला एक सवय लागली. कुणी काहीही बोललं की, "काय बोललास? परत सांग." दुकानदाराला, कंडक्टरला, पोरीच्या मास्तरांना. कान तपासून घेतले, कान ठणठणीत. तरी दोनदा विचारल्याशिवाय त्याचा स्वतःवर भरवसा बसेना. पुढे तो एका पोह्याच्या गिरणीवर डाव्या हाताने गोण्यांची तोंडं शिवायला लागला. घरात वहिनींच्या तोंडी एकच पालुपद असायचं, "भावजींनी सांगितलं व्हतं, पन हा मानूस आयकंल तर ना!" हे माझ्यासमोर म्हणायच्या आणि माझ्या हातात पापडांचा डबा द्यायच्या. तो खाली मान घालून हसायचा. मी कंपनीत वर चढत गेलो. वही केव्हाच फाडून टाकली होती, पण शब्द फाटत नाहीत. सेफ्टीच्या पाट्यांवर तो शब्द रोज दिसायचा. कित्येकदा खरं सांगायचं ठरवून एस.टी.त बसून त्याच्या गावच्या फाट्यापर्यंत गेलो आणि न उतरता पुढे गेलो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीला डोलवीकडच्या एका लॅबमध्ये ट्रेनी म्हणून काम लागलं. तेव्हा पोटात होती ती हीच. तिघं पेढे घेऊन आले. मुलगी पाया पडायला वाकली तसा तो म्हणाला, "हिला जरा समजव. वरचा मानूस सांगंल ते नीट आयकायचं. बापासारकं करायचं नाय."

मुलगी हसली. "बाबा, किती वेळा?"

"काय बोललीस?" तो म्हणाला.

मला पुढे सहन झालं नाही. मी म्हणालो, "मी तुला सांगितलं नव्हतं."

वहिनी म्हणाल्या, "काय?"

"लाईनमध्ये ॲसिड आहे, हे मी सांगितलंच नव्हतं. बघून घे, एवढंच ओरडलो होतो. बस पकडायची होती मला. रिपोर्टात मात्र बजावलं असं लिहिलं."

आवाज इतका खाली गेला होता की मलाच नीट ऐकू येत नव्हता. आता हा म्हणणार, परत सांग. तो म्हणाला नाही.

"मंजी मी आयकलं व्हतं," तो म्हणाला. "तू बोललास तेवढं सगलं आयकलं व्हतं मी."

"हो."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. "या मानसाला मी काय काय बोलले! पोरीदेखत बोलले. भावजी, तुम्ही समोर बसून आयकत व्हता. माझे पापड खात व्हता." खात नव्हतो, हे सांगण्यात काय अर्थ होता?

तो म्हणाला, "लिवून दे. मराठीत. मला वाचता येईल असं."

मी कागद घेतला. 'माझ्याकडून चूक झाली' असं लिहिलं. मुलीने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"काका, बस पकडली ती चूक. रिपोर्ट लिहिलात ती चूक नाही."

"मग काय लिहू?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

चूक खोडलं, गफलत लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'मी खोटं लिहिलं.' त्याने कागद घेतला, आखडलेल्या बोटाने ओळ धरून एकदाच वाचला आणि खिशात घातला. तो कागद घेऊन मुलगी धाटावला जाऊन आली असं नंतर कळलं. मी सोडल्यावर कंपनी विकली गेली होती. गेटवर सगळी नवी माणसं. कागद कुणी हातातही घेतला नाही.

या होळीला डबा आला नाही. माझ्या बायकोने दोनदा विचारलं, पापड का नाही आले? मी पुन्हा चहा ठेवायला सांगितला.

परवा पेणच्या एस.टी. स्टँडवर तो दिसला. खिडकीवरच्या बाईने गाडीची वेळ सांगितली. त्याने मान हलवली, परत विचारलं नाही, आणि पिशवी उचलून फलाटाकडे निघाला. मी दहा पावलांवर होतो. मी हाक मारली. एकदा, मग आणखी मोठ्याने. आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. तो वळला नाही.

त्याला ऐकू आलं होतं.