गाडीसाठी गाडी बघताना

सलीमभाईंच्या गॅरेजात एक पत्र्याचा डबा आहे. सुटे नट-बोल्ट त्यात पडतात. हवा तो एक हुडकायला हात घालावा, तर नको ते दहा हाताला लागतात. तिथल्या किश्शांचंही तसंच झालंय. परवा एका मित्रानं सहज विचारलं, "सर, त्या रेसच्या गाडीसाठी शेवटी ट्रेलर कसला घेतला?" एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण तोवर हात डब्यात गेला होता!

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोटाळा नको. सलीमभाई मंगळवार पेठेतले मेस्त्री, गॅरेज वडिलांपासूनचं. बापू गावाकडचे, बारा म्हशी, ऊस, आणि स्वतःचं वजन एकशेदहा किलो. साई ही बापूंची मुलगी. ती रेसची गाडी चालवते. सलीमभाईंनी एक जुनी छोटी गाडी आतनं-बाहेरनं सोलून तिच्यासाठी तयार केलीय. आणि मी पॉलिटेक्निकात वर्कशॉप शिकवतो. संध्याकाळी गॅरेजवर चहाला जातो. इंजिनिअर म्हणून तिथं माझं मत विचारतात. ऐकत नाहीत, पण विचारतात!

*

पहिल्या वेळी गाडी उघड्या ट्रकवर घालून कोइमतूरच्या ट्रॅकवर रेसला नेली. वर ताडपत्री. ती निपाणीच्या पुढं वाऱ्यानं फाटली आणि आम्ही चहाला थांबलो तेव्हा गाडी सगळ्या जगासमोर उघडी!

आता रेसची गाडी आतनं बघितलीय का कधी? एकच सीट. बाकी नुसता पत्रा आणि लोखंडी पाईप. दिव्यांवर चिकटपट्ट्या मारलेल्या. बघता बघता माणसं जमली. एक आजोबा टाचा उंचावून आत डोकावले आणि हळहळले, "सगळी सीटं उडाली की वो! माणसं तरी वाचली का?"

सलीमभाई म्हणाले, "आजोबा, तसं न्हाय. ही रेसची गाडी हाय."

आजोबा मागं वळले आणि गर्दीला म्हणाले, "बघा! रेस लावली आन् ही दशा झाली!"

एका बाईनं तर साईच्या हातात दोन केळी दिली. "खा बाळा. तू वाचलीस ह्येच लई झालं."

आम्ही हसलो खरं, पण ते तेवढ्यापुरतंच. पुढं पाऊस लागला. पाणी वायरिंगमध्ये शिरलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर गाडी चालू व्हायची आणि बंद पडायची, चालू व्हायची आणि बंद पडायची. सलीमभाईंनी सगळं खोलून पुसलं, वाळवलं, पण वेळ पुरला नाही. बाकीच्या गाड्या सुटल्या. साई अंगात रेसचा सूट, मांडीवर हेल्मेट, अशी आपल्या गाडीतच बसून राहिली. शेवटची फेरी संपेपर्यंत उतरली नाही. उतरली तेव्हा एकच बोलली, "पुढच्या टायमाला हिला कोरडी आणायची."

बस. ट्रेलर घ्यायचा आणि तोही सगळ्या बाजूंनी बंद, हे त्या दिवशी ठरलं.

*

घरी काकींना, म्हणजे बापूंच्या बायकोला, हे पटेना. त्यांचं म्हणणं अगदी सरळ. "गाडी चालती न्हवं? चाकं हाईत न्हवं? मग गाडीला आणि गाडी कशाला?"

मी रस्त्याचा परवाना, इन्शुरन्स, टायरची झीज असं समजावायला लागलो. दोन वाक्यांतच काकींचं लक्ष दुधाच्या पातेल्याकडं गेलं.

बापू म्हणाले, "तुझ्या भावाचं शर्यतीचं बैल शर्यतीला चालत जात्यात व्हय गं?"

"न्हाय. टेम्पोतनं न्हेत्यात. दमत्याल की ती!"

"मग?"

काकी पातेलं उतरवत म्हणाल्या, "आस्सं सांगा की! झूल कुठल्या रंगाची शिवायची?"

*

माप घ्यायचं काम माझ्याकडं आलं. गाडीची रुंदी साडेपाच फूट. मी वहीत लिहिलं, ट्रेलर आतून साडेसहा फूट, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोकळे, पुरेसे.

सलीमभाईंनी वही बघितली. बापूंच्या डेअरीचे रिकामे क्रेट आणले आणि गॅरेजात त्यांच्या दोन भिंती रचल्या. मधे बरोबर साडेसहा फूट. मग म्हणाले, "बापू, गाडी आत घ्या."

साईच्या मापाच्या सीटमध्ये बापू कसेबसे मावले आणि त्यांनी गाडी झकास आत घातली. मी टाळ्या वाजवल्या.

"आता उतरा," सलीमभाई म्हणाले.

दार उघडलं. सहा इंच. आधी बापूंचा हात बाहेर आला. हात परत आत गेला. मग एक पाय आला. पायही परत गेला. मग पलीकडच्या दाराला तेच. नंतर बराच वेळ काहीच बाहेर येईना. मी वाकून बघितलं. बापू स्टेअरिंगवर हात ठेवून शांत बसले होते.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या वहीत मी किती इंच हाय?"

त्या दिवशी यादीत पहिली ओळ लिहिली गेली : गाडी आत घेताना कुणी आत बसायचं नाही, पुढं विंच, म्हणजे तार गुंडाळायचा रहाट, लावायचा आणि तारेनं ओढून घ्यायची. बापूंचा चहा त्या दिवशी क्रेटवरनं आत पोचवला.

*

मधे कुणीतरी सांगितलं, मिरजेकडं एकाचा घोडे न्यायचा ट्रेलर विकायचाय. चारी बाजूंनी बंद, मजबूत. आम्ही तिघं बघायला गेलो.

मालक म्हणजे घोड्यांत आयुष्य घालवलेला माणूस. त्यानं प्रेमानं बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "घोडं किती हाईत तुमचं?"

सलीमभाईंना दिवसातनं दहा माणसं विचारतात, इंजिनाची ताकद किती घोड्यांची. ते सवयीनं बोलून गेले, "एकशेवीस."

मालक चमकला. "एकशेवीस घोडं? आन् बांधता कुठं एवढी?"

बापू म्हणाले, "बांधायचं काय त्यात? समदी एकातच हाईत की."

मालकानं आमच्याकडं बघितलं, मग आपल्या गड्याकडं, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पावणं, लांबनं आलाय. जरा गार पाणी घ्या."

गाडीचं कळल्यावर त्यानं ट्रेलर द्यायला नकार दिला. त्याच्या लाडक्या घोडीच्या जागेवर ऑईल गळलेलं त्याला बघवलं नसतं. मला ते पटलं.

*

शेवटी ठरलं, बांधूनच घ्यायचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक जण टेम्पोवरचे बंद डबे बांधतो. पाव, औषधं, आइस्क्रीम, असल्या मालाचे. त्यानं विचारलं, "माल नाशवंत हाय का?"

साई म्हणाली, "पाणी लागलं की लगेच."

मग प्रश्न आला, चाकांचा अ‍ॅक्सल कुठं घ्यायचा? मधोमध, का मागं सरकवून? हा माझा प्रांत! मी फळ्यावर चित्र काढलं. बाण काढले. वजन अ‍ॅक्सलच्या मागं गेलं तर ट्रेलर वेगात शेपूट कसं हलवतो, फार पुढं आलं तर ओढणाऱ्या जीपचं मागचं अंग कसं दबतं, पुढं थोडंसंच जास्त वजन का ठेवायचं, सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं. कारखानदार मान डोलवत होता, पण डोळ्यांत काही पोचत नव्हतं.

बापूंनी जांभई दिली. "म्हंजी मागं उलाळ व्हायला नको आन् पुढं लई धुरजड पण नको. बैलगाडी भरायचंच हाय की ह्ये!"

"हां!" कारखानदार उठलाच. "मगापासनं ह्यो साहेब काय सांगत होता मग?"

*

ट्रेलर तयार झाला. पांढरा, चकचकीत, मागचं दार खाली पाडलं की तोच रॅम्प. हायवेवरनं बापूंनी दिमाखात आणला. आणि गॅरेजच्या बोळाच्या तोंडाशी सगळं अडलं. बोळात तो उलटाच घालायला लागणार होता.

ट्रेलर उलटा घेणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की तो उजवीकडं जातो. बापूंनी प्रयत्न केला. सलीमभाईंनी केला. मी नियम सांगितला, त्यामुळं आणखी वाकडा झाला. निम्मी पेठ बाहेर आली. गॅलऱ्यांतनं सूचना सुरू झाल्या. "डावं घ्या! डावं! अहो ते डावं न्हवं, दुसरं डावं!"

मागं एक उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता. दोन रिकाम्या ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी. ड्रायव्हरनं दहा मिनिटं वाट बघितली, गाणं बंद केलं, उतरला आणि म्हणाला, "सरका जरा."

जीपमध्ये बसला. मान मागं केली. एका हातानं स्टेअरिंग, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर बायकोशी बोलणं चालू. एका दमात ट्रेलर गॅरेजात! कुठं खरचटलं नाही.

सलीमभाई हात जोडून म्हणाले, "पावणं, कमाल केलीसा!"

तो म्हणाला, "त्यात काय? तुमचा तर एकच हाय."

*

गळतंय का, हे बघायला पाऊस पाहिजे. आणि पाऊस पाहिजे तर गगनबावड्याला जायचं. तिथं तो मागावा लागत नाही. गाडी न घालता नुसताच ट्रेलर घेऊन निघालो. आत पाणी आलं तर कुठनं आलं ते कळावं म्हणून काकींची युक्ती : फरशीवर सगळीकडं कोरडी रांगोळी पसरली. थेंब पडला की खूण उठणार.

वर पोचलो तर काय तो पाऊस! आडवा, उभा, खालनं वर. धुकं असं की आरशात ट्रेलर दिसेना. बापू दर दोन मिनिटांनी विचारायचे, "हाय न्हवं मागं?" साई खिडकीतनं हात काढून चाचपल्यासारखं करायची आणि म्हणायची, "हाय, हाय."

तासभर पावसात उभा करून ठेवला. मग एका टपरीच्या छपराखाली मागची बाजू घेऊन दार उघडलं. चौघं टॉर्च घेऊन वाकलो. रांगोळीवर खुणा होत्या! या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत. सलीमभाईंचा चेहराच पडला.

पण थेंबाला बोटं असतात का? साईनं टॉर्च वर केला. विंचच्या मागं गॅरेजातलं तांबडं मांजर बसलं होतं, आमच्याकडं अतिशय रागानं बघत. मंगळवार पेठेतनं फुकट आलेलं!

मी म्हटलं, "खुणा मोडल्या हो सगळ्या. आता गळतं का नाही, कळणार कसं?"

सलीमभाईंनी आत जाऊन मांजर उचललं. पोटाला हात लावला, पाठीला लावला, शेपूट चाचपलं.

"पास," ते म्हणाले. "मांजार कोरडं हाय!"

*

आणि मग कोइमतूर. वाटेत दोनदा पाऊस लागला. ट्रॅकवर दार पाडलं, तारेनं गाडी खाली सोडली. साईनं बटण दाबलं. पहिल्या झटक्याला चालू!

रेसची वेळ झाली. बापू कठड्याला जाऊन उभे राहिले. मी सलीमभाईंना शोधायला लागलो तर ते रिकाम्या ट्रेलरमध्ये चढत होते.

"अहो, सुरू होतंय! बघायचं नाही?"

"तुम्ही जावा सर. मी कधीच बघत न्हाय."

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मला राहवेना, मीही आत चढलो. त्यांनी बाजूचं छोटं दार ओढून घेतलं. अंधार, रबराचा वास, आणि बाहेर आवाजांचं मोहोळ. मला सगळ्या गाड्या सारख्याच. सलीमभाई टायरवर बसले होते, मान थोडी तिरकी.

"आपली पाचवी हाय," ते पुटपुटले. पुढच्या फेरीला, "चौथी." मग बोटांवर फेऱ्या मोजत राहिले. मग एकदम त्यांनी माझं मनगट धरलं. बाहेर एक आवाज तुटला होता, तेवढं मलाही कळलं.

"आपली?" मी विचारलं.

मनगट दुखायला लागलं. मोहोळ लांब गेलं, वळलं, परत जवळ आलं, डोक्यावरनं गेलं. तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला. "आपली न्हाय. आपली पळती."

रेस संपली. सलीमभाई तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं पत्र्यावर धाडधाड थापा पडल्या आणि छोटं दार उघडलं. एकदम उजेड आत आला. दारात साई, केस घामानं चिकटलेले, मागं बापू डोळे पुसत.

"चाचा!" ती ओरडली. "तिसरा नंबर!"

"त्ये ऐकलं," सलीमभाई म्हणाले. "सहाव्या फेरीला तिसऱ्या गिअरच्या जागी पाचवा का टाकलास, त्ये सांग."