बाईंचे कडेचे फोटो

“थांबा, आधी फोटो काढते, मग बघते.”

मुलांनो, हे वाक्य माझं नाही. गेल्या रविवारी टॅबवर तुमच्याशी बोलता बोलता मी फोनने गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढला, तो बोटांनी मोठा केला आणि त्यावरची तारीख वाचली. तेव्हा तुम्ही दोघं पोट धरून हसलात. “आजी, हे तुला कुणी शिकवलं?” असं विचारलंत आणि उत्तर ऐकायच्या आत पोहायला पळालात. म्हणून उत्तर लिहून पाठवते.

ज्यांनी शिकवलं, त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळी इमारत त्यांना बाई म्हणे. सकाळी दार उघडलं की खणखणीत आवाज यायचा, “जय भीम, वहिनी!”

बाईंच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध बिघडले होते. समोर पाहिलं की मध्ये करडा डाग दिसायचा, कडेचं मात्र नीट दिसायचं. “तुमच्याकडे पाहिलं की नाक-तोंड गायब होतं, कान राहतात,” त्या मला म्हणायच्या. “कान छान आहेत हो तुमचे.”

म्हणून त्यांनी फोनला कामाला लावलं. विजेचा मीटर असो, बसची पाटी असो की दुधाची पिशवी, आधी फोटो. मग तो मोठा करायचा आणि फोन डोळ्याच्या कडेला तिरका धरायचा. मेथीच्या जुडीचाही फोटो निघे. भाजीवाली वैतागायची.

“आवो मावशी, भाजी घेताय का तिचं लगीन जमवताय?”

“पसंत पडली तर घेईन. मुलीची बाजू गप्प बसते.”

पुढे त्या कामाशिवायही फोटो काढू लागल्या. दोरीवर वाळणारी ओढणी. पाण्याच्या टाकीवर भांडणाऱ्या साळुंक्या. जिन्यात बसून बूट घालणारा पोस्टमन. पण प्रत्येक फोटोत मधोमध नुसती भिंत नाहीतर आकाश, आणि ओढणी, साळुंकी, पोस्टमन पार कडेला. बाईंना जिथे दिसायचं, तिथेच माणसाला जागा द्यायच्या. फोटोग्राफीवरची इंग्रजी पुस्तकं मी पुष्कळ चाळली आहेत. रिकाम्या भिंतीला एवढी जागा द्यायची हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

त्यांच्या मुलाला मात्र ते पाहवत नसे. तो बंगळूरला असतो. बाईंनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला की तो एका बाजूने कापून, माणूस मधोमध आणून परत पाठवायचा. खाली लिहायचा, “दुरुस्त केला.” बाई फोन माझ्यासमोर धरायच्या. “बघा वहिनी, माझी भिंत पाडली!”

एकदा तो स्वतःच आला, आईला कायमचं घेऊन जायला. हातात रिकामी बॅग.

“आई, आता पुरे. तुला समोरचं दिसत नाही. एकटीने राहायचं नाही.”

ते घर बाईंनी नोकरी करून स्वतः उभं केलं होतं. मग त्या वर्गात बोलत तशा बोलल्या, “उद्या माझ्याबरोबर निफाडला चल, मावशीकडे. जाऊन येऊन एकदा जरी मला तुझा हात धरावा लागला, तर मी बॅग भरते. नाहीतर ती रिकामीच परत ने. वहिनी साक्षीला येतील.”

“काकू, तुम्हीच समजवा ना हिला,” तो मला म्हणाला.

“मी साक्षीदार आहे,” मी म्हटलं. “साक्षीदाराने बोलायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं द्वारका चौकात पोचलो. बसला जायचं तर रस्ता ओलांडायचा होता. द्वारकेची गर्दी तुम्ही पाहिली आहे. माझे डोळे धड असूनही मला तिथे धडकी भरते. बाईंनी मान किंचित वळवली आणि चालू लागल्या. मुलगा त्यांच्या अर्धं पाऊल पुढे, नजर समोरच्या बसवर. तेवढ्यात उलट्या बाजूने एक रिक्षा सुसाट आली. त्याला ती दिसलीच नाही. बाईंना दिसली. त्यांनी त्याचं मनगट पकडून असं ओढलं की तो माझ्या अंगावर आला.

“अगं आई!”

“अरे, गाड्या बाजूनेच येतात,” बाई म्हणाल्या. “समोर बघून काय मिळतं?”

पलीकडे पोचल्यावर त्यांनीच विषय काढला. “हात मी धरला, हे खरं. आता कुणी कुणाला ओढलं, ते वहिनी सांगतील.”

मी साक्ष दिली.

बाईंनी बसच्या पाटीचा फोटो काढला, मोठा केला. “निफाड. हीच.” मग म्हणाल्या, “तू इथे उभा राहा, तुझाही एक काढते.” त्याने फोटो पाहिला. मधोमध बसचं दार, आणि तो अगदी कडेला, एक खांदा बाहेर गेलेला.

“आई, मी मध्ये नाहीये यात.”

“मध्ये असतास तर मला दिसला नसतास.”

निफाडपर्यंत तो खिडकीपाशी बसून तो फोटो पाहत होता. परतताना त्याने तो ग्रुपवर टाकला, होता तसा. रिकामी बॅग घेऊन तो बंगळूरला गेला.

त्यानंतर बाई चार वर्षं आपल्या घरात राहिल्या, स्वतःचा स्वयंपाक करून, स्वतः बस पकडून. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात गेल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये आता बँकेत काम करणारं जोडपं राहतं, चांगलं आहे.

बाईंचे सगळे फोटो मुलाकडे आहेत. एकही त्याने कापलेला नाही.