चौथ्या दिवसाचं पान

काकांसमोर कुणी सहीसाठी जर्नल ठेवलं की ते आधी पेनाला टोपण लावत. मग चष्मा कपाळावर चढवून विचारत, "मी बगलंय का?" उत्तराची वाट न बघता पुढे, "नाय ना? मग उचल."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या हातात म्हटलं तर काहीच नसतं, तरी त्यांच्यावाचून पान हलत नाही. काका आमच्या कल्याणच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. प्राध्यापक आले आणि गेले, काका आपले तिथेच.

मी ठाण्याची, वर्तकनगरची. पेशीच्या आवरणाचा अभ्यास हा माझा एमएस्सीचा विषय. अभ्यासक्रम दोन विद्यापीठांचा मिळून होता. पहिलं वर्ष इथे, दुसरं युरोपात, आणि पदवीवर दोन्हींचे शिक्के. घरी आईने वर्षभर आधीच लोकरीचे मोजे विणायला घेतले होते.

माझा प्रयोग सांगायला सोपा होता. बकऱ्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या आणि मीठ कमी कमी करत जायचं. मीठ फार कमी झालं की पेशीत पाणी शिरतं आणि ती फुटते. हळदीतला एक घटक घातला तर तिचं आवरण जास्त तग धरतं का, हे मला पाहायचं होतं. रक्त मी सकाळी सातला मटणाच्या दुकानातून आणायचे. दुकानदार मला गिऱ्हाइकांसमोर बिनदिक्कत "रक्तवाली ताई" म्हणायचा.

मिठाचं पाणी मात्र काकांचं. ते कोपरजवळच्या गावातले आगरी, वाडवडील मिठागरावर राबलेले. "बापाचा जन्म मिठात गेला, माझा मिठाच्या पान्यात," असं म्हणत ते बाटल्यांवर लेबलं लावायचे. त्यांचं पाणी कधी एका थेंबाने चुकलं नाही. माझं टेबल बघून एकदा म्हणाले, "हलद झाली, मीठ झालं, रगत झालं. आता मसाला टाक, रस्सा खाऊ."

आता माझी चूक. आपल्याकडे शाळेपासून सवय अशी, की प्रयोग करताना कच्च्या कागदावर खरडायचं, घरी येऊन जर्नलमध्ये सुंदर अक्षरात उतरवायचं, कच्चे कागद फाडून टाकायचे आणि वर्षाच्या शेवटी गठ्ठ्याने सह्या घ्यायच्या. बीएस्सीची तीन वर्षं मी अशीच काढली, वर नीटनेटकेपणाबद्दल शाबासकीही मिळवली. या अभ्यासक्रमात नियम वेगळा होता. जे दिसलं ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं आणि प्रत्येक पानावर, ते काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची सही घ्यायची. आमच्या प्रयोगशाळेत तो माणूस म्हणजे काका. नियम मी वाचला होता. पण सह्या काय, शेवटी होतातच, असं मी धरून चालले.

वही दोन्ही विद्यापीठांना पाठवायची वेळ आली तेव्हा मी माझी देखणी चाळीस पानं काकांपुढे ठेवली. त्यांनी टोपण लावलं.

"काका, तुम्ही रोज इथेच तर असता!"

"असतो. पन तुझ्या नलीत डोकं घालून नसतो."

"सह्या नसतील तर प्रोजेक्ट धरणार नाहीत. माझं दुसरं वर्ष जाईल."

"मंग कच्चे कागद दाव."

कच्चे कागद कधीच कचऱ्यात गेले होते. मी रडले. मग चिडले आणि त्यांना नाही नाही ते बोलले. सही करायला तुमच्या खिशातलं काय जातं, इथपर्यंत. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"रडून सही मिलत नाय, पोरी. शनवारी मी रिटायर होतोय. सोमवारपासून सहा दिवस हायत. परत कर, मी बसतो."

आणि खरंच बसले. सोमवारी सकाळी रक्ताची बाटली घेऊन पोचले तेव्हा ते स्टूल ओढून तयार होते. प्रत्येक नळी खिडकीशी धरून बघायचे. पाणी गढूळ म्हणजे पेशी शाबूत, लालभडक नितळ म्हणजे फुटल्या. माझा आकडा चुकला की खोडू द्यायचे नाहीत. "एक रेघ मार. चुकलं ते दिसू दे." माझी नवी कोरी वही सहा दिवसांत गिरगटलेली झाली. संध्याकाळी ते पानाखाली सही करायचे, कधी सहीखाली मुंगीच्या अक्षरात काही लिहायचे. मी इतकी दमलेली असायचे की वाचलं नाही. शनिवारी शेवटची सही झाली आणि ते सत्काराच्या नारळासह घरी गेले.

मी आभार मानायला फोन केला. उचलला नाही. नंतरही कितीदा केला. रिटायर झाले, विसरले, असं म्हणून मी सोडून दिलं. खरं सांगते, वाईट वाटलं.

महिन्याभराने तोंडी परीक्षा झाली. पडद्यावर तिकडच्या परीक्षक बाई, माझ्या शेजारी आमच्या कॉलेजातल्या केरळच्या मॅडम. बाईंनी पानं उलटली आणि चौथ्या दिवसाच्या पानावर थांबल्या. सहीखाली हे काय लिहिलंय, म्हणाल्या.

मी वाचलं. "२.१० ते २.२५ डोळा लागला. त्या वेळचे पाहिले नाही."

खोलीत मराठी वाचणारी मी एकटीच. तापमानाची नोंद आहे, हे उत्तर जिभेवर आलं होतं. मी फार सच्ची आहे अशातला भाग नाही. पण काकांच्या सहीखाली खोटं बोलायला जीभ उचलेना. मी शब्दाला शब्द सांगून टाकलं.

बाईंनी ते पान पुन्हा निरखलं. मग हसल्या. "म्हणजे बाकीचं सगळं त्यांनी खरंच पाहिलंय," म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या दिवशी मी पास झाले. जिन्यातच बसून मी आईला फोन लावला आणि हसले की रडले, मलाच कळलं नाही.

पेढे घेऊन त्याच संध्याकाळी कोपरला काकांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. काका आत खुर्चीत होते, मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"झाली परीक्षा?"

"पास झाले, काका."

"त्यांनी ते वाचलं?"

"वाचलं. म्हणूनच तर बाकीच्या पानांवर विश्वास बसला त्यांचा."

काकांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. मग हळूच म्हणाले, "लिवलं तवापासून जीव टांगनीला लागलेला. माझ्या डुलकीपायी पोरीचं साल जातंय की काय. फोन कुठल्या तोंडाने उचलू?"

"महिना झाला, ह्यांच्या डोल्याला डोला नाय," काकू म्हणाल्या. "रात्री उठून ओटीवर बसतात. इचारलं तर सांगत नाय."

सह्यांवरून त्यांना काय काय बोलले होते ते सगळं आठवलं. वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "पुरे, पुरे. तिकडं थंडी लई असते, जप." मग पेढा खाल्ला, "जरा पाठ टेकतो," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

काकूंनी चहा टाकला. आम्ही दोघी कप घेऊन बसलो, तेवढ्यात आतून घोरण्याचा आवाज आला. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं, पंख्याचं बटण एकाने वाढवलं आणि आम्ही अजिबात न बोलता चहा संपवला.