सागवानी पलंगाची निवड, निगा आणि विल्हेवाट

माझे यजमान गेले आणि तिसऱ्या दिवशी घरात पलंगाचा विषय निघाला. त्याआधी लोकांनी जो संयम पाळला, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

पलंग साधा नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. लग्नानंतरची बरीच वर्षं आम्ही लोखंडी पलंगावर काढली. कूस बदलली की तो शेजारी कळवायचा. मग अकोल्यात स्वतःचं घर झालं आणि यजमानांनी ठरवलं, की आता अस्सल सागाचा, हातानं घडवलेला पलंग करायचा; सोबत कपाट आणि उशाशी दोन छोटी टेबलं. मी कॉलेजात ग्रंथपाल. माझी अट एवढीच, की उशाशी दिवा आणि पुस्तक मावलं पाहिजे. बाकी निवड त्यांच्याकडे. मला पाहायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता. लाकडाच्या बाबतीत असा उतावळेपणा चालणार नव्हता.

अमरावतीच्या दुकानांत आमचे कित्येक रविवार गेले. दुकानदार गादीवर बसवायचा, पलंगाच्या पोटातली सामानाची जागा उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, “सर, सागवानच समजा.” ‘समजा’ या शब्दावर यजमानांचा विश्वास नव्हता. ते वाकून मागची फळी ठोकायचे. आत भुसा, वर सागाच्या रंगाचा कागद. एका दुकानात ते सरळ पलंगाखाली शिरले, तेव्हा मी पडद्यांचे भाव विचारायला दुसऱ्या टोकाला निघून गेले.

शेवटी परतवाड्याला एक मिस्त्री सापडला. लाकडात लाकूड अडकवून जोड करायचा, खिळा मारायचा नाही. काम चोख. वायद्यांसाठी मात्र त्याच्याकडे वेगळं पंचांग होतं.

“मिस्त्री, दिवाळीले देतो म्हटलं होतं तुमी.”

“म्हटलं होतं ना सर. कोनत्या दिवाळीले, ते नोतं म्हटलं.”

“अन् कपाट?”

“लाकूड वाळून राहिलं. ओल्याचं करून देऊ काय? मंग दार लागनार नाई, अन् तुमी मले शिव्या देसान.”

“त्या तर आताही देऊन राहिलो.”

“हो, पन मनातल्या मनात,” मिस्त्री म्हणाला आणि रंधा मारू लागला.

यथावकाश सामान आलं आणि आम्ही त्याचे भाडेकरू झालो. ओलं फडकं लावायचं नाही. उन्हाची तिरीप पडू द्यायची नाही. बशीशिवाय कप ठेवायचा नाही. कूलरची दमट हवा लाकडावर येता कामा नये, नाही तर खण फुगतात. म्हणून अकोल्याच्या मे महिन्यात आमच्या कूलरचं तोंड दाराकडे वळवलेलं असे. दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला झकास वारा लागायचा. आम्ही घामात, सागवान सुखात.

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी जवसाच्या तेलात मधमाशांचं मेण वितळवून, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं, लाकडाच्या रेषा जातील तिकडे हात चालवायचा. माझ्या वाढदिवसाची त्यांना आठवण करून द्यावी लागे, या रविवारची नाही. मी एकदा विचारलं, “माझे गुडघे दुखतात, तेल उरलं का थोडं?”

“हे जवसाचं आहे. तुला तिळाचं चांगलं.”

उत्तर बरोबर होतं, म्हणून भांडताही आलं नाही.

दुखणं आलं तेव्हा ते याच पलंगावर पडून होते. शेवटी शेवटी त्यांना माझं नाव चटकन सापडत नसे. पण मी पाण्याचा पेला नुसता टेबलावर ठेवला की त्यांचा हात हलायचा. मी बशी आणायचे. मग हात थांबायचा. तिथेच एका दुपारी ते गेले.

आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे सल्ला द्यायला सगळे मोकळे होते. सुरुवात चांदूर रेल्वेच्या माझ्या मोठ्या नणंदेनं केली.

“पाय बाई, ज्या पलंगावर मानूस गेला, त्यो घरात ठेवत नाईत. शय्यादानात देऊन टाक. अन् एकटीले एवढा मोठा काहून पायजे? दिवाण घे एखादा.”

नवरा गेल्यामुळे बाईची रुंदी निम्मी होते, हे मला माहीत नव्हतं. मला तो पलंग हवा होता. त्याच्याशिवाय या घरात झोप येईल अशी दुसरी जागा मला दिसत नव्हती. पण मी बोलले नाही. न बोलणं आणि होकार यांत आमच्या घरात कोणी फरक करत नाही.

शय्यादानात गेलेल्याच्या नावानं पलंग, गादी, छत्री, चपला असं गुरुजींना देतात. गुरुजी आले, पलंगाभोवती फिरले आणि घाबरले.

“मॅडम, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. आधीच्या यजमानांच्या खाटा अजून गच्चीवर आहेत. फोल्डिंगचा द्या. शास्त्राला चालतो.”

शास्त्राची अडचण अशी सुटली. मग अमरावतीचे माझे धाकटे दीर पुढे झाले.

“वयनी, मंग मी नेतो. आमच्या पोराचं लग्न हाय, पलंग लागतेच. तुमच्या डोयापुढून जाईन तं तुमालेही बरं.”

मला अशुभ असलेला पलंग त्यांच्या नव्या सुनेला अशुभ कसा नाही, हे मी विचारलं नाही. अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूर ते बडनेरा या टप्प्यात कुठेतरी अशुभ उतरत असावं.

तेराव्याला पंगत उठली आणि दारात टेम्पो लागला. चार माणसं दोर घेऊन ओट्यावर बसली. मी हात धुतले, आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर आडवी झाले.

दीर दारात आले. “वयनी, बरं नाई काय?”

“बरं आहे. झोपते.”

“आत्ता?”

“हो.”

“पन... मानसं आली ना पलंग न्यायले.”

“भाऊजी, मला उचलून खाली ठेवायला सांगा त्यांना.”

ते गेले. बाहेर कुजबुज झाली. मी डोळे मिटले ते हट्ट म्हणून. पण इतक्या दिवसांत न आलेली झोप खरोखरच आली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. टेम्पोचा आवाज नव्हता. शेजारी, यजमानांच्या जागेवर, मोठ्या नणंदबाई पदर तोंडावर घेऊन घोरत होत्या. मी हलले तशा त्या उठल्या.

“तुले उठवाले आली होती,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, जराशी टेकते.”

“भाऊजी?”

“गेला फनफन करत. म्हने, वयनी उठली की तिले समजाव. मी काहून समजावू? मलेच आत्ता झोप लागली.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “कोनत्या कुशीवर झोपे तो?”

“डाव्या.”

त्या डाव्या कुशीवर वळल्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच पडून राहिले. बाहेर कोणीतरी मोठ्यानं विचारत होतं, की चहाले दूध नाई, घरची बाई गेली कुठं. आम्ही दोघींनी ओ दिली नाही.